मानसशास्त्राचे पंथ आणि बालकाचें भय

मानसशास्त्रावरील कोणतेंही पाठ्यपुस्तक उघडलें तर पहिल्या दहा-वीस पानांतच पंथांची एक पंगत बसलेली दिसते. व्हुंटचे अंतर्निरीक्षणवादी, फ्रॉइडचे मनोविश्लेषक, वॉटसनचे वर्तनवादी, मागाहून आलेले मानवतावादी आणि बोधवादी. प्रत्येकाच्या पानांत व्याख्या, गुण आणि दोष असे तीन-तीन पदार्थ वाढलेले असतात, आणि विद्यार्थी तें सर्व परीक्षेपुरतें गिळून मोकळा होतो. अशा वाचनानें पंथांचीं नांवें पाठ होतात. परंतु त्यांचें भांडण खरोखर कशाबद्दल होतें, आणि त्या भांडणाशीं आपल्या घरांतील माणसांचा कांहीं संबंध पोहोंचतो कीं नाहीं, हें समजत नाहीं. व्याख्यांशीं व्याख्या ताडून शास्त्रांतील पंथांची पारख होत नसते. एकच वस्तु निरनिराळ्या पंथांच्या हातीं द्यावी आणि प्रत्येकानें तिचें काय केलें तें पाहावें, म्हणजे ती होते. मानसशास्त्राच्या इतिहासांत अशी वस्तु आयतीच सांपडते. १९०८ ते १९२४ या सोळा वर्षांत तीन लहान मुलगे तीन निरनिराळ्या अभ्यासकांपुढें आले, आणि तिघांचीही कथा भयाची आहे. एकाला घोड्यांचें भय होतें. दुसऱ्याला उंदराचें भय मुद्दाम शिकविण्यांत आलें. तिसऱ्याचें सशाचें भय घालविण्यांत आलें. या तिघांच्या हकीकती आम्ही येथें एकीशेजारीं एक ठेवून पाहणार आहों.

प्रथम एका गैरहजर पाहुण्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८७९ सालीं लाइपझिग येथें विल्हेल्म व्हुंट यानें प्रयोगशाळा उघडली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या वाड्यांतून वेगळें निघालें, असें समजण्याचा प्रघात आहे. त्या परंपरेची मुख्य पद्धति अंतर्निरीक्षणाची. एखादा नाद, एखादा रंग, हातावर ठेवलेलें वजन, असा साधा अनुभव निरीक्षकाला द्यावयाचा आणि त्या क्षणीं मनांत काय काय घडलें तें त्यानेंच तपासून सांगावयाचें. हा निरीक्षक प्रौढ, शांत आणि शिकवून तयार केलेला असावा लागे. अर्थात् मूल, वेडा आणि पशु हे तिघे उंबरठ्याबाहेरच राहिले. पुढें त्या घरांतही तंटा लागला. व्युर्झबुर्गच्या अभ्यासकांस प्रतिमेवांचून चालणारा विचार आपल्या मनांत सांपडला. अमेरिकेंत कॉर्नेल येथें बसलेल्या टिचनरला तो सांपडेना. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाहीं, आणि दोघांच्याही मनांत शिरून पाहण्याची तिसऱ्याला सोय नाहीं, असा तो खटला निकालावांचून पडून राहिला. रडणाऱ्या मुलाला ‘तुला नेमकें काय होतें तें तपासून सांग’ असें म्हणण्यांत अर्थ नसतो, हें कोणतीही आई सांगेल. त्या मुलाला या शास्त्रांत आणावयाचें तर भिंतीला दुसरें दार पाडणें प्राप्त होतें. दारें दोन पडलीं. आणि दोन दारांनीं आंत आलेल्या मंडळींस एकमेकांचें तोंड पाहणें पुष्कळ वर्षें रुचलें नाहीं.

पहिलें दार व्हिएन्नांत पडलें. माक्स ग्राफ हा तेथील संगीतसमीक्षक, आणि दर बुधवारीं फ्रॉइडच्या घरीं जमणाऱ्या मंडळींपैकीं एक. मुलांच्या वाढीविषयीं टिपणें करावीं असें फ्रॉइडनें आपल्या जवळच्या लोकांस सांगितलें होतें, त्याप्रमाणें ग्राफ आपल्या मुलाच्या बोलण्याचालण्याची नोंद ठेवीत असे. १९०८ च्या जानेवारींत, मुलगा पांचव्या वर्षांत असतां, त्याचें घराबाहेर पडणें एकाएकीं कठीण झालें. दाईबरोबर बागेकडे जातांना तो वाटेंतच रडूं लागला व आईकडे परत चल म्हणूं लागला. मग आई स्वतः घेऊन गेली, तरी तेंच. शेवटीं त्यानें सांगितलें कीं, घोडा आपल्याला चावेल. त्या काळचें व्हिएन्ना म्हणजे घोड्यांचें शहर; ग्राफच्या घरासमोरच जकातीच्या मालाचें कोठार होतें आणि तेथें गाड्यांची सारखी ये-जा चाले. पुढें या भयाला फांद्या फुटल्या. जड ओझ्याची गाडी, वळण घेणारी गाडी, तोंडाभोंवतीं काळें असलेला घोडा, यांचें त्याला विशेष भय वाटूं लागलें. आणि घोडा खालीं पडेल या भयानें तर त्याला घेरलेंच. विचारपूस करतां मुलानें स्वतःच सांगितलें कीं, प्रवाशांच्या मोठ्या गाडीचा एक घोडा पडून पाय झाडीत असलेला आपण पाहिला, आणि तेव्हांपासून हें खूळ लागलें.

एखादा साधा माणूस येथेंच थांबला असता. पडलेला घोडा पाहिला, मूल भ्यालें. आणखी काय शोधावयाचें? फ्रॉइड थांबला नाहीं. त्याच्या मतें घोडा हें वरचें सोंग होतें. मुलाला आई आपल्या एकट्याची हवी होती. त्या वाटेंत बाप आडवा येत होता. बापावर प्रेमही होतें आणि तो नाहींसा व्हावा अशी इच्छाही होती. त्या इच्छेबद्दल शिक्षा होईल हें भय मुलाला बापापुढें उघड बाळगतां येईना, म्हणून तें घोड्यावर जाऊन बसलें. घोड्याच्या तोंडाभोंवतींचें काळें म्हणजे बापाच्या मिशा, आणि डोळ्यांवरील झांपडें म्हणजे बापाचा चष्मा. गुह्येंद्रियाशीं चाळा करतो म्हणून तें डॉक्टरकडून कापून टाकण्याचा धाक आईनें त्याला पूर्वीं घातलेला होता, ही गोष्टही या उपपत्तींत चपखल बसली. सर्व उपचार बापानें केला. त्या अवधींत फ्रॉइडनें मुलाला एकदांच, मार्चच्या अखेरीस, पाहिलें व तुझ्या मनांत बापाचें भय आहे हें त्याला समजावून सांगितलें. घरीं परततांना मुलानें बापाला विचारलें कीं, हे प्रोफेसर देवाशीं बोलतात काय, कारण त्यांना सगळें आधींच ठाऊक असतें. मे महिन्यापर्यंत भय ओसरलें, आणि १९०९ सालीं ‘हान्स’ या टोपणनांवाखालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली.

मुलाचा तो प्रश्न आम्हांस या प्रबंधांतील सर्वांत मार्मिक टीका वाटते. सगळें आधींच ठाऊक असणें हाच या पंथाचा पराक्रम आणि हाच त्याचा दोष. पराक्रम अशासाठीं कीं, साडेचार-पांच वर्षांच्या मुलाचें बोलणें, त्याचीं स्वप्नें, त्याचे वेडेवांकडे प्रश्न शब्दशः लिहून काढावे, त्यांना कांहीं अर्थ असेल असें धरून चालावें, हें औदार्य त्यापूर्वीं फारच थोड्यांनीं दाखविलें होतें. मुलाला ‘भित्रा’ म्हणून कोणी चिडविलें नाहीं. त्याला बोलूं दिलें. परंतु ऐकणाऱ्याचा कान अगोदरच एका सुरांत लावलेला होता. बापाचे प्रश्न पाहिले तर त्यांतील पुष्कळांच्या पोटांत उत्तर शिजवून ठेवलेलें असे, आणि मूल ‘असेल तसें’ अशा थाटानें मान डोलावी. स्वतः फ्रॉइडनें कबूल केलें आहे कीं, हान्सला जें स्वतः बोलतां येत नव्हतें असें पुष्कळसें त्याला सांगावें लागलें. मुलानें होकार दिला तर उपपत्ति खरी, आणि नकार दिला तर तो दडपलेल्या इच्छेचा विरोध म्हणून पुन्हा उपपत्ति खरीच. अशा न्यायालयांत आरोपी सुटणार कसा? या ठिकाणीं एक गोष्ट ओघानें सांगावीशी वाटते. १९२२ सालीं कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणारे गिरींद्रशेखर बोस हे फ्रॉइडचे चाहते खरे. पण आपल्या भारतीय रुग्णांत तें कापले जाण्याचें भय युरोपीय रुग्णांइतकें ठळक दिसत नाहीं, असें त्यांनीं फ्रॉइडला पत्रांतून कळविलें. घरें बदललीं म्हणजे घरांतील भयेंही बदलत असावीं, ही शंका व्हिएन्नाच्या पंथाला पुरेशी शिवली नाहीं.

दुसरें दार वॉटसननें पाडलें, आणि तें धडक मारून पाडलें. मानसशास्त्राला शास्त्र व्हावयाचें असेल तर मन, जाणीव, भावना हे शब्द टाकून द्यावे. बाहेरून काय आदळलें आणि प्राण्यानें काय केलें एवढेंच पाहावें, असें त्यानें १९१३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत बजावलें. अन्नाच्या आधीं नेमानें एक ठराविक आवाज केला तर पुढें नुसत्या आवाजानेंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, हें रशियांत पाव्हलॉव्हनें दाखविलें होतें. वॉटसनला वाटलें कीं, माणसाच्या सर्व भावनांचा उलगडा या एका किल्लीनें होईल. जन्मतः बालकाला मोठा आवाज आणि आधार सुटणें या दोनच गोष्टींचें भय असतें. बाकीचीं भयें म्हणजे त्या दोहोंना मागाहून जोडलेले डबे.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत त्यानें व रोझाली रेनर हिनें हें करून दाखविण्याचें ठरविलें. मुलाची आई तेथील बालरुग्णालयांत दूधआई म्हणून चाकरीला होती. मूल अंगानें गुटगुटीत आणि वृत्तीनें इतकें शांत कीं सहसा रडत नसे. तें शांत होतें म्हणूनच त्याची निवड झाली. नऊ महिन्यांचें असतां त्याच्यापुढें पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, माकड, मुखवटे, कापूस, इतकेंच नव्हे तर जळणारीं वर्तमानपत्रें ठेवण्यांत आलीं. त्यास कशाचेंही भय वाटलें नाहीं. अकराव्या महिन्यानंतर खरा प्रयोग सुरू झाला. मूल उंदराला हात लावूं लागलें कीं त्याच्या पाठीमागें पोलादी कांबीवर हातोडा हाणावयाचा. पहिल्या दिवशीं दोनदां, आठवड्यानें पांच वेळां, एकंदर सात वेळां हें झालें. मग हातोडा न मारतां नुसता उंदीर पुढें आणला. मूल रडलें, कलंडलें, आणि जितक्या वेगानें रांगतां येईल तितक्या वेगानें दूर जाऊं लागलें. कांहीं दिवसांनीं पाहतात तों ससा, कुत्रा, केसाळ कातड्याचा कोट, दाढीचा मुखवटा, या सर्वांपुढें तें कमीअधिक प्रमाणांत बिचकूं लागलें होतें. १९२० सालीं हा प्रयोग ‘आल्बर्ट’ या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर क्वचितच एखाद्या पाठ्यपुस्तकानें तो गाळला असेल.

प्रयोगाचा पुढील भाग, म्हणजे शिकविलेलें भय काढून टाकणें, हा झालाच नाहीं. मुलाला रुग्णालयांतून नेण्यांत आलें, असें लेखांत नमूद आहे. प्रयोग करण्यापूर्वीं आपण कांहींसे कचरलों होतों, परंतु घरांतील धकाधकींत मुलाला अशीं भयें लागतच असतात या विचारानें आपलें समाधान झालें, असेंही लेखकद्वयानें लिहिलें आहे. हें समाधान वाचून आम्हांस त्या लेखांतील सर्व मोजमापांचा विसर पडतो. रस्त्यावर मुलें पडतातच, म्हणून आपण एकाला ढकलावें काय? शिवाय ज्या लेखांत मुलाचें भय असें उघड्यावर सोडून दिलें आहे, त्याच लेखांत फ्रॉइडपंथीयांची थट्टा आहे: वीस वर्षांनीं हा आल्बर्ट त्यांच्याकडे गेला तर केसाळ कोटाच्या भयाचा उगम ते त्याच्या स्वप्नांतून आईपर्यंत नेऊन भिडवतील! थट्टा खरी आहे. पण ती करणाराला शोभत नाहीं. फ्रॉइडला मुलाचें बोलणें ऐकूं येत होतें, पण आपल्याच भाषेंत. वॉटसनला त्याचें रडणें ऐकूं येत होतें, पण केवळ मोजण्याजोगी प्रतिक्रिया म्हणून.

प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षीं रेनरशीं असलेल्या संबंधावरून वॉटसनला विद्यापीठ सोडावें लागलें. पुढें दोघांनीं विवाह केला व वॉटसन न्यूयॉर्कच्या जाहिरातीच्या धंद्यांत मोठ्या पगारावर गेला. तेथून १९२८ सालीं त्यानें पत्नीच्या साहाय्यानें आईबापांसाठीं एक पुस्तक लिहिलें. मुलांना मांडीवर घेऊं नये, कुरवाळूं नये. फारच झालें तर निजतांना कपाळावर एक मुका, आणि सकाळीं हस्तांदोलन, असा त्यांतील उपदेश आहे. लाड म्हणजे मुलाला जडविलेली एक वाईट संवय, असें त्याचें गणित होतें. आई आवडते ती दूध देते म्हणून, असें तें गणित मांडलें जाई. १९५८ च्या सुमारास विस्कॉन्सिन येथें हॅरी हार्लो यानें वानरांच्या पिलांपुढें दोन कृत्रिम आया ठेवल्या, एक नुसत्या तारेची पण दूध देणारी, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. पिलें पोटापुरतीं तारेकडे जात आणि बाकीचा सारा वेळ कापडाला बिलगून असत. भ्यालीं कीं तिकडेच धांवत. ज्यांच्या बालपणीं या उपदेशाचा अंमल घरांत चालून गेला त्यांना मात्र या निकालाचा उपयोग नव्हता.

आतां तिसरा मुलगा. न्यूयॉर्कमध्यें वॉटसनचें एक व्याख्यान ऐकून रेनरच्या महाविद्यालयांतील मैत्रीण मेरी कव्हर जोन्स या बाईंच्या मनांत असा प्रश्न आला कीं, भय जर जोडतां येतें तर तें सोडवितां येणार नाहीं काय? वॉटसनच्या सल्ल्यानें त्यांनीं एका बालगृहांतील मुलांवर अभ्यास केला आणि १९२४ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांतील ‘पीटर’ हा दोन वर्षें दहा महिन्यांचा. पांढरा ससा, उंदीर, केसाळ कोट, पीस, कापूस, या सर्वांस तो भीत असे. जणूं आल्बर्टच थोडा मोठा होऊन आला होता, फक्त याचें भय कोणी प्रयोगशाळेंत घडविलेलें नव्हतें.

जोन्सबाईंनीं काय केलें तें सविस्तर सांगण्याजोगें आहे. प्रथम सशाला न भिणारीं दुसरीं मुलें पीटरबरोबर खेळावयास आणलीं आणि त्या खेळांत ससा ठेवला. पीटर हळूहळू धीट होऊं लागला. मग त्याला लोहितज्वर झाला व तो सुमारें दोन महिने रुग्णालयांत राहिला. परततांना एका मोठ्या कुत्र्यानें त्याच्या व परिचारिकेच्या अंगावर झेंप घेतली आणि झालेली सर्व कमाई बुडाली. बाईंनीं पुन्हां आरंभ केला. या वेळीं पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचें खाणें द्यावयाचें, आणि तो खात असतांना पिंजऱ्यांतील ससा जितका सहन होईल तितक्याच अंतरावर ठेवावयाचा. रोज थोडा जवळ. त्यांच्या नोंदींत या सोसण्याच्या सतरा पायऱ्या आहेत. ससा खोलींत कोठेंही असला तरी रडणें ही पहिली, आणि सशाला आपलीं बोटें चाटूं-कुरतडूं देणें ही शेवटची. मुलगा पायऱ्या सरळ चढला नाहीं. मध्यें दोन उतरे, मग तीन चढे. कापूस, कोट आणि पिसें यांचें भय मात्र वेगळे श्रम न घेतां गेलें. या पद्धतींत एक धोका असल्याचेंही बाईंनीं लिहून ठेवलें आहे: घाई केली तर खाण्याची गोडी सशाला लागण्याऐवजीं सशाचें भयच खाण्याला चिकटेल. गुरूच्या लेखांत असा एखादा कचरता शब्द सांपडणें कठीण.

त्याच वर्षींच्या दुसऱ्या एका लेखांत त्यांनीं मुलांचीं भयें घालविण्याच्या निरनिराळ्या युक्त्यांची तुलना केली. भयाची वस्तु दृष्टिआड ठेवून वाट पाहणें, गोड बोलून समजूत घालणें, इतर मुलांकरवीं चिडवून लाज वाटावयास लावणें, ती वस्तु वारंवार पुढें आणणें, लक्ष दुसरीकडे वळविणें. घरोघर चालणाऱ्या या सर्व उपायांचा गुण अनिश्चित किंवा उलटा आढळला. भरंवशाचे असे दोनच उपाय ठरले: आवडीच्या गोष्टीशीं सांगड घालून पायरीपायरीनें जवळ आणणें, आणि न भिणाऱ्या मुलांची संगत. थोड्याच पानांचें हें काम पंथांच्या रणधुमाळींत तीसेक वर्षें कोणाच्या फारसें लक्षांत राहिलें नाहीं. १९५८ सालीं जोसेफ वोल्पी यानें भयावरील उपचाराची जी पद्धति पुस्तकरूपानें मांडली तिचें मूळ येथें आहे, आणि बाईंना वर्तनोपचाराची जननी म्हटलें तें त्यानेंच. १९६० च्या दशकांत आल्बर्ट बांडुरा यानें, कुत्र्याशीं खेळणारें धीट मूल नुसतें पाहूनही भित्र्या मुलांचें भय कमी होतें, हें दाखविलें. म्हणजे पीटरच्या सोबत्यांचाच प्रयोग पुन्हां उभा राहिला. आज एखाद्या विशिष्ट वस्तूच्या भयावर जो उपचार सर्वत्र केला जातो तो मुख्यतः पायऱ्यापायऱ्यांनीं त्या वस्तूच्या जवळ नेण्याचाच असतो.

मग वर्तनवाद जिंकला म्हणावयाचें काय? उपचारांत बराचसा, उपपत्तींत नाहीं. कोणतीही वस्तु कोणत्याही भयाला जोडतां येते, हा वॉटसनचा दावा लवकरच लंगडा पडला. १९३० सालीं इंग्लंडांत व्हॅलेन्टाइन यानें आपल्या लहान मुलीपुढें नाटकाची दुर्बीण ठेवून मागें शिटी वाजविली. मुलगी भ्याली नाहीं. केसाळ सुरवंट ठेवून तीच शिटी वाजवितांच ती भ्याली. १९३४ सालीं एल्सी ब्रेगमन हिनें लाकडी ठोकळे व पडदे यांचें भय बालकांस लावून पाहिलें. तें लागलें नाहीं. उंदराऐवजीं ठोकळा असता तर आल्बर्टची कथा कदाचित् लिहिलीच गेली नसती. प्राणी कोरी पाटी घेऊन येत नाहीं. कांहीं भयांसाठीं पाटीवर अगोदरच रेघा आंखलेल्या असतात. १९८० च्या दशकांत सुसान मिनेका हिला असें आढळलें कीं, प्रयोगशाळेंत वाढलेलीं वानरें दुसरें वानर सापाला भितांना पाहून भय शिकतात; फुलाला भितांना दाखविलें तर शिकत नाहींत.

याहून मोठा धक्का घरांतूनच बसला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट रेस्कॉर्ला प्रभृति अभ्यासकांनीं दाखविलें कीं, दोन गोष्टी नुसत्या एकत्र आल्यानें उंदीर त्या जोडीत नाहीं. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधतां येत असेल तरच जोडतो. म्हणजे उंदीरही अपेक्षा बाळगतो. ज्या मनाला वॉटसननें पुढच्या दारानें हांकलून दिलें तें असें परसदारानें परत आलें, आणि तेंही उंदराच्या पाठीवर बसून. त्या सुमारास उदयास आलेल्या बोधवादाचें बळ याच जातीच्या पुराव्यांत होतें. पुढें जोसेफ लडू यानें उंदरांच्या मेंदूंत शिकलेल्या भयाचा मार्ग शोधीत आमिग्डाला या केंद्रापर्यंत मजल मारली. पण प्राण्याचें स्वतःला वांचविणें आणि माणसाला वाटणारें भय हीं एकच नव्हेत, असा इशारा त्यानेंच नंतर दिला. तें ‘वाटणें’ म्हणजे काय, या प्रश्नापाशीं आल्यावर लाइपझिगचा तो गैरहजर पाहुणा पुन्हां दारांत उभा असलेला दिसतो. मानवतावादी पंथाविषयीं आम्ही येथें कांहीं लिहिलें नाहीं, कारण भ्यालेल्या मुलापुढें उभें राहून त्यानें काय केलें याची या तोडीची नोंद आमच्या पाहण्यांत नाहीं.

हान्सच्या हकीकतीचेंही पुनर्वाचन झालें. १९६० सालीं वोल्पी व रॅकमन यांनीं तिच्यावर कडक टीका केली: पडलेला घोडा हेंच पुरेसें कारण आहे, बाकीचें बाप आणि प्रोफेसर यांनीं पुरविलेलें आहे. आम्हांस मात्र याहून मोलाचें वाटतें तें जॉन बोल्बीचें वाचन. हा स्वतः मनोविश्लेषणाच्या परंपरेंत वाढलेला. पण १९७३ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्याच पानांवरील एका साध्या गोष्टीकडे बोट दाखविलें. घोड्याचें नांव निघण्यापूर्वींच हान्स एका सकाळीं रडत उठला होता, कारण आई निघून गेली असें त्याला स्वप्न पडलें होतें. बागेच्या वाटेवरही त्याला परत जावयाचें होतें तें आईकडे. आई आपल्याला सोडून जाईल, हें त्या मुलाचें भय. आणि तें निराधार नव्हतें, असें बोल्बीचें म्हणणें. फ्रॉइडनें हीं वाक्यें छापलीं, आणि त्यांवरून पुढें गेला. पुढें त्या आईबापांचा घटस्फोट झाला.

हान्स स्वतः १९२२ सालीं एकोणीस वर्षांचा धडधाकट तरुण होऊन फ्रॉइडला भेटावयास गेला. त्यानें आपली हकीकत वाचली होती. पण तींतील कांहीं त्याला आठवेना, आणि तो मुलगा आपण असूं हें त्याला ओळखतांही येईना. हर्बर्ट ग्राफ या खऱ्या नांवानें तो संगीतनाट्याचा दिग्दर्शक झाला, १९३६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरांत त्यानें दीर्घकाळ काम केलें, आणि १९७३ सालीं तो वारला. आल्बर्ट कोण होता यावर २००९ पासून अभ्यासकांत वाद आहे. दोन मुलांचीं नांवें पुढें आलीं आहेत. त्यांतील एक सहाव्या वर्षीं वारला, दुसरा म्हातारा होऊन गेला. जोन्सबाई पुढें कॅलिफोर्नियांत गेल्या व १९३२ पासून सुरू झालेल्या, एकाच पिढीच्या मुलांस लहानपणापासून प्रौढपणापर्यंत पाहत राहणाऱ्या अभ्यासांत त्यांनीं आयुष्य घालविलें. १९७४ सालीं मागें वळून पाहतांना त्यांनीं लिहिलें कीं, आतां तीन वर्षांच्या मुलाचें भय त्या मुलापासून वेगळें काढून त्यावर उपचार करण्यानें आपलें तितकें समाधान होणार नाहीं.

पण याची खूण त्यांच्या १९२४ च्या लेखांतच आहे. ससा बोटें चाटूं लागला तेथें तो लेख संपत नाहीं. पीटर परत गेला तें घर म्हणजे सामानासकट भाड्यानें घेतलेली एक खोली. तींत आई, बाप, नऊ वर्षांचा भाऊ आणि स्वतः पीटर. थोरली बहीण वारल्यापासून आईबापांचें बहुतेक सारें अविचारी प्रेम पीटरच्याच वांट्याला येई. आमच्याकडील आया ज्या कामाला बागुलबुवाला बोलावतात त्याच कामाला तीही एकाला बोलावी. पीटर दाराबाहेर खेळत राहिला कीं ती त्याला सांगे, आंत ये, तुला कोणी तरी चोरून नेईल.